एकाच तेलाच्या दोन बाटल्या

आमच्या घरात माणसाच्या रक्ताचा रिपोर्ट आला तर तो फ्रिजवर चुंबकाखाली लटकतो आणि आठवडाभर त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. गाडीच्या तेलाचा रिपोर्ट आला की मात्र सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवून तो मोठ्यानं वाचला जातो.

सगळ्यांना म्हणजे मला आणि सासूबाईंना. वाचणारे आमचे हे.

ह्यांची नोकरी वजनकाटे तपासण्याची. दुकानात शिरायचं, पेटीतली खरी वजनं काढायची आणि समोरच्याचा काटा खोटा आहे असं धरूनच सुरुवात करायची. आयुष्यभर असं केलं की माणसाचा स्वभावच तसा होतो. मी बाजारातून आणलेले टोमॅटोसुद्धा घरी पुन्हा तोलले जातात. लग्नानंतर पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला रडू आलं होतं, आता मीच पिशवी काट्यावर ठेवते आणि चप्पल काढायला जाते.

गाडी मात्र माझ्या कामाची. मी घरोघरी जाऊन केस कापते. ज्यांना पार्लरपर्यंत येता येत नाही त्यांचे, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांचे, चाकाच्या खुर्चीतल्यांचे, पडून कंबर मोडून घेतलेल्यांचे. डिकीत घडीचं बेसिन, दोन कॅन पाणी, कात्र्या, कंगवे, पाठीला लावायच्या उशा. चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकले ती ह्याच कामासाठी. शिकवणाऱ्यानं दोनदा देवाचं नाव घेतलं होतं, पण शिकले.

तर ह्यांनी कुठेतरी वाचलं की सिंथेटिक तेलं सगळी सारखी नसतात, आणि डब्यावर काहीही छापलेलं असो, खरं काय ते वापरलेलं तेल तपासल्यावरच कळतं. झालं. डब्यावर छापलेल्या गोष्टीवर संशय घ्यायची अधिकृत सोय! तीन कंपन्यांच्या तेलांचे डबे आले. एक सोनेरी, एक निळा, एक पांढरा. पद्धत अशी, की एक तेल भरायचं, ठरावीक अंतर गाडी चालवायची, मग इंजिन गरम असताना खालचा बोल्ट सोडून तेल काढायचं आणि धार मध्यावर आली की तपासणी केंद्राच्या छोट्या बाटलीत नमुना धरायचा. सुरुवातीचं तेल नको, त्यात तळाचा गाळ असतो. शेवटचंही नको. मधलं. बाटली कुरियरनं जायची आणि मग तेलात काय काय उतरलंय त्याचे आकडे यायचे.

"लोखंड म्हणजे इंजिनाची झीज," हे आम्हाला शिकवायचे. "सिलिकॉन म्हणजे बाहेरची धूळ. सोडियम वाढलं तर समजायचं इंजिन थंड ठेवणारं पाणी तेलात गळतंय. कळलं?"

"मीठ कमी असलं तर काय समजायचं?" सासूबाई विचारायच्या. "कारण आमटीत आज कमी आहे."

प्रयोगाचे नियम माझ्यासाठी. एकदम ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. जवळच्या जवळ गाडी काढायची नाही, इंजिन तापायच्या आत बंद केलं तर पेट्रोल तेलात उतरतं. मध्येच कुणाला सोडायला वेगळ्या रस्त्यानं जायचं नाही. नियमांचा कागद स्टिअरिंगच्या शेजारी चिकटवलेला. गाडी माझी, पाय माझा, आणि त्या पायाखालच्या इंजिनाला जपायचं मात्र असं की जणू पोटुशी आहे.

सोनेरी डब्याचा रिपोर्ट छान आला. ह्यांनी तो दोनदा वाचला आणि सोनेरी कंपनीबद्दल जरा निराशेनं म्हणाले, "बरं आहे." काटा खरा निघाला की ह्यांचा दिवस फुकट जातो.

निळ्या डब्याच्या रिपोर्टात धूळ दुप्पट. सोडियमही चढलेलं.

मग घरात जे सुरू झालं त्याला मी सुतावरून स्वर्ग म्हणेन. आधी एअर फिल्टर बदलला. मग पाणी कुठे गळतंय ते शोधायला गाडी गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिकनं रेडिएटरला दाबाचा पंप लावला, वाट बघितली, काटा हलला नाही. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"वहिनी," हे पलीकडे गेल्यावर तो मला हळूच म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे. साहेबांनाच काहीतरी द्या. ढोस वगैरे."

"देऊन बघितला. पचवतात."

पांढऱ्या डब्याचा रिपोर्ट त्याहून वाईट. धूळ आणखी वर, सोडियम आणखी वर. लोखंड मात्र होतं तिथेच. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"दोन वेगळी तेलं, दोन्हींत तेच," हे म्हणाले. "फिल्टर नवा. पाणी गळत नाही. म्हणजे दोष तेलाचा नाही, गाडीचा नाही. मग उरलं काय?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंकडे बघितलं.

"मंगळवार," हे म्हणाले.

मंगळवारी मी गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात जाते. तिथे जायचा रस्ता विटांच्या भट्ट्यांमधून. लाल धूळ असते, कबूल. पण ती काही आजची नाही.

"सोनेरी तेल होतं तेव्हाही मी मंगळवारी जातच होते," मी म्हटलं.

"तेव्हा परिणाम दिसायला लागला नव्हता."

"आणि लोखंड कुठे वाढलंय? झीज कुठे आहे?"

"तेच तर! तेल इतकं चांगलं आहे की एवढी धूळ खाऊनही झीज होऊ देत नाहीये. पण किती दिवस?"

ह्याला काय म्हणायचं? रिपोर्ट चांगला आला तर तेलाची कमाल, वाईट आला तर बायकोचा रस्ता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशीचा दोर संन्याशानंच बाजारातून तोलून आणायचा.

निर्णय जाहीर झाला. आता आणखी एक, शेवटचा नमुना. त्यातही धूळ दिसली तर इंजिन बिघडण्याआधीच गाडी विकायची. ह्यांच्या ऑफिसातल्या एकाला ती हवीच होती. आणि तोवर मंगळवार बंद.

"तिथे चौदा माणसं माझी वाट बघत असतात."

"बसनं जा."

गेले. घडीचं बेसिन घेऊन, बस बदलून. बेसिनची कड एका बाईच्या गुडघ्याला लागली आणि तिनं माझा जो उद्धार केला त्यात माझं माहेरही सुटलं नाही. पाण्याचे कॅन नेता आले नाहीत. उशा नेता आल्या नाहीत. त्यामुळे ज्यांना पलंगावरून उठवता येत नाही त्यांचे केस तसेच राहिले. त्यातल्या एका आजींनी काही न बोलता डोक्यावर पदर ओढून घेतला. ते मला उद्धारापेक्षा जास्त लागलं.

खिडकीशी बसणारे घड्याळजी आजोबा होते, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले. नजर गेलेली, कान शाबूत. त्यांची दाढी मी आधी करते.

"आज गाडी नाही आणली?" ते म्हणाले. "आवाज आला नाही."

"तिची तब्येत बरी नाही म्हणतात."

"कोण म्हणतं? मागच्या वेळी ऐकली मी. नियमित चालतेय. असं चालणारं यंत्र उघडायचं नसतं, उघडलं की बिघडतं." मग हनुवटी वर करून म्हणाले, "पुढच्या मंगळवारी येणार ना? की तुम्हीही..."

मी वस्तरा पुसायला घेतला. गाडी गेली तर हे काम हळूहळू जाणार, हे मला बसमध्येच कळलं होतं. बेसिन उचलून महिनोन्‌महिने बस बदलायला माझ्या पाठीनं नकारच दिला असता.

शनिवारी शेवटचा नमुना काढायचा होता. हे खाली पार्किंगमध्ये गाडीखाली ताट ठेवून इंजिन तापवत बसले होते. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.

सिंकपाशी सासूबाई. हातात तपासणी केंद्राची ती छोटी बाटली. भांडी घासायची पावडर मूठभर आत टाकलेली, आणि लांब दांड्याचा ब्रश घालून त्या अशा घुसळत होत्या की खांद्यापर्यंत हात हलत होता. शेजारी ओट्यावर फडकं पसरून अजून एक बाटली उलटी घालून ठेवलेली. काचेसारखी लखलखीत.

"आई, हे काय करताय?"

"दिसत नाही? बाटली घासतेय."

"का?"

"म्हणजे काय का? बाहेरून आलेली वस्तू. किती हातांतून आली असेल. तशीच वापरायची?"

मी स्टूल ओढून बसले.

"प्रत्येक वेळी घासता?"

"पहिल्या वेळी कुठे, तेव्हा बाटल्यांचं खोकं खाली गाडीपाशीच ठेवलेलं. मग त्यानं वर आणून माझ्या फळीवर ठेवलं, खाली धूळ असते म्हणून. तेव्हापासून मीच करते." त्यांनी बाटली उजेडात धरून डोळा बारीक केला. "आणि तो दर वेळी काहीतरी वाईट आलं म्हणतो, म्हणून मी आता दोनदा घासते. मागच्या वेळी तर तीनदा घासली."

मला एकदम हसू आलं आणि त्याच वेळी ती बाटली भिंतीवर फेकून द्यावीशी वाटली. ती पावडर म्हणजे काय? बारीक वाळू, म्हणजे रिपोर्टातली धूळ, आणि सोडा, म्हणजे सोडियम. डब्यामागे लिहिलेलंच असतं. जितका रिपोर्ट वाईट, तितकी सासूबाईंची घासणी जोरात. जितकी घासणी जोरात, तितका रिपोर्ट वाईट. आणि मध्ये पिसले जातायत कोण, तर माझे मंगळवार.

"अहो, वर या," एवढं म्हटलं असतं की संपलं होतं. तोंड उघडलंही मी.

"मी दवाखान्यात कामाला होते ना," सासूबाई नळ बंद करत म्हणाल्या. "औषधाच्या बाटल्या मीच धुवायची. डॉक्टर म्हणायचे, तुमच्या हातची बाटली असली की मी बघतसुद्धा नाही, सरळ औषध भरतो. एकदाही कुणाचं औषध नासलं नाही." त्यांनी ब्रश झटकला. "आता तो मला चहाचं आधण ठेवू देत नाही. हात कापतो म्हणे. तू दिवसभर बाहेर. परवा फोनवर कुणाला तरी सांगत होता, नमुना स्वच्छ पाहिजे, त्यावरच सगळं आहे. म्हटलं, तेवढं तरी आपल्या हातचं आहे."

मी तोंड मिटलं.

काय करणार? सांगावं तर ह्या म्हाताऱ्या हातांचं उरलंसुरलं काम जातं. न सांगावं तर माझं जातं. आणि ह्यांना मी नुसतं तोंडी सांगितलं तर पटणारही नाही. वजनाशिवाय ह्यांना काही पटत नाही. म्हणतील, तू गाडीसाठी आईवर ढकलतेस.

मी उठले. फळीवरच्या खोक्यातून एक न धुतलेली बाटली काढली, तिला खूण म्हणून माझं केसांचं लाल रबर अडकवलं. सासूबाईंची एक घासलेली घेतली. दोन्ही घेऊन खाली गेले.

"अहो, दोन नमुने घ्या."

"दोन कशाला?" गाडीखालून आवाज आला.

"तुम्ही दुकानदाराचा काटा एकदाच बघून त्याचं दुकान बंद करता का?"

गाडीखाली पाना खाली ठेवल्याचा आवाज.

"दोनदा तोलता ना? मग माझं दुकान बंद करण्याआधीही दोनदा तोला. एकाच धारेतून, एकापाठोपाठ एक."

हे बाहेर आले. कपाळावर तेलाचा ठिपका. माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघितलं, जणू मी आतापर्यंत कधीच योग्य मुद्दा मांडला नव्हता. "बरोबर आहे," हे म्हणाले. हे दोन शब्द ऐकून मला एवढा आनंद झाला की स्वतःचाच राग आला.

नमुने गेले. त्या आठवड्यातही मी बसनंच गेले. घड्याळजी आजोबांनी ह्या वेळी गाडीचं विचारलं नाही, नुसती हनुवटी वर केली. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

रिपोर्ट आला तेव्हा हे टेबलाशी बसले, पण मोठ्यानं वाचेनात. एक कागद बघत, दुसरा बघत, पुन्हा पहिला. मग तपासणी केंद्राला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. स्वयंपाकघरात सासूबाई काहीतरी विसळत होत्या.

"सर, दोन्ही बाटल्यांत तेल एकच आहे," तिकडची मुलगी म्हणाली. "घट्टपणा तोच, लोखंड तेवढंच, तांबं तेवढंच. इंजिन उत्तम आहे तुमचं. फक्त एका बाटलीत धूळ आणि सोडियम. ते इंजिनातून आलं असतं तर दोन्हीत आलं असतं ना? आणि एवढी धूळ इंजिनातून फिरली असती तर लोखंड वाढल्याशिवाय राहिलं नसतं. ती घाण तेलातली नाही, बाटलीतली आहे. बाटली पावडरीनं वगैरे कुणी धुतली होती का?"

"छे! आमच्याकडे कोण धुणार?"

"आमच्या बाटल्या धुवायच्या नसतात, सर. तशाच वापरायच्या."

फोन बंद झाला. हे माझ्याकडे वळले. आतला नळही बंद झालेला मला ऐकू आला.

"बाटली कुणी धुतली?"

मी तसलंच एक लाल रबर बोटाभोवती फिरवत होते. आतून ताटल्यांचाही आवाज येईना.

"मी," मी म्हटलं.

"काय मी?" सासूबाई दारात. पदराला हात पुसत, डोळे मोठे करून. "हिनं धुतली? अरे, हिला डब्याचं झाकण धड घासता येत नाही! कडेला चिकट राहतं ते मी पुन्हा काढते. बाटल्या मी धुतल्यात. सगळ्या. आणि ती कोण पोरगी म्हणतेय धूळ? माझ्या बाटलीत धूळ? तीन पाण्यांतून काढलीय मी!"

"आई, पावडरीनं?"

"मग काय अत्तरानं?"

हे सासूबाईंकडे बघत राहिले. ह्यांचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे पकडले, आणि खोटा काटा निघाला तो स्वतःच्या ओट्यावर. ओठ हलले. मला माहीत होतं आता काय येणार ते. खर्च, फिल्टर, गॅरेज, दोन महिने. मी टेबलाखालून ह्यांच्या पायावर पाय ठेवला. एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यासारखा.

ह्यांनी हातातला कागद टेबलावर पालथा घातला.

"आई," हे शेवटी म्हणाले, "बाटल्या फार स्वच्छ झाल्या. तिकडच्या मशीनला झेपल्या नाहीत."

"मग तसं सांगायचं," सासूबाई म्हणाल्या. "बोलल्याशिवाय माणसाला कसं कळणार?" आणि ताठ मानेनं आत गेल्या. नळ पुन्हा सुरू झाला.

ह्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्यापुढे सरकवली. माफी वगैरे नाही, तो विभाग आमच्याकडे नाही.

"आणि भट्ट्यांचा रस्ता?" मी मुद्दाम विचारलं.

"त्याच्याविरुद्ध पुरावा नाही."

"ऑफिसातल्या माणसाचं काय?"

"त्याला कळवतो." मग कागद नीट एकावर एक ठेवत, खालच्या आवाजात म्हणाले, "तू 'मी' का म्हणालीस?"

"तुम्ही दुसरीकडे कुठे बघणार होतात?"

ह्यांनी कागदांच्या कडा पुन्हा एकदा जुळवल्या. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. तेलाचं शुक्लकाष्ठ संपलं. मी चहा टाकला. चहा पिऊन होतो न होतो तोच हे कोरा कागद घेऊन टेबलाशी हजर.

"निळ्याचे आणि पांढऱ्याचे निकाल बाद," हे म्हणाले. डोळ्यांत चमक. "आणि सोनेरीशी तुलना करायची तर हवामान वेगळं होतं. म्हणजे सोनेरीपासून पुन्हा सुरुवात."

मी कपाळावर हात मारला. दुसरं काय मारणार?

मंगळवारी सकाळी बेसिन डिकीत टाकलं, पाण्याचे कॅन टाकले, उशा टाकल्या. कंगव्यांची पिशवी नेहमीच्या खुंटीवर नव्हती. ती ओट्यावर होती. सगळे कंगवे फडक्यावर ओळीनं मांडलेले, लखलखीत. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या, काही न केल्यासारख्या.

"बाटल्या नाहीत तर नाहीत," त्या न वळता म्हणाल्या. "तुझे कंगवे मात्र काय अवस्थेत होते गं. लाज वाटली नाही?"

मी एक उचलून बघितला. दातांच्या मुळाशी पावडरीचा पांढरा थर घट्ट बसलेला.

"छान निघाले, आई."

"दर सोमवारी देत जा."

भट्ट्यांमधून गाडी नेली, खिडक्या उघड्या टाकून. लाल धूळ आत आली, नियमांच्या कागदावर बसली. वृद्धाश्रमाच्या फाटकातून आत वळले तर घड्याळजी आजोबा खिडकीशी आधीच हनुवटी वर करून बसलेले. त्या पदरवाल्या आजींना मी सगळ्यांत आधी घेतलं. उशा लावल्या, बेसिन लावलं, कोमट पाणी सोडलं. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "अगं, जरा सावकाश, किती दिवसांनी आलीस." मी सावकाश केलं.

मग आजोबांची पाळी. केस विंचरून झाल्यावर त्यांनी खांद्यावरून बोट फिरवलं, आणि बोटांची चिमूट करून चोळून बघितली.

"कोंडा फार झालाय की हो माझ्या डोक्यात. खरखरीत लागतोय."

"तो तुमचा नाही, आजोबा," मी कंगवा नळाखाली धरत म्हटलं. "आमच्या घरचा आहे."